यर्मूकच्या लढाईत अरब हरले असते तर इतिहास बदलला असता का?

बदलला असता, पण समोरच्या बायझंटाईनांनी (पूर्व रोमन साम्राज्याने) सीरियातलं हे मैदान फक्त जिंकून नव्हे. अरबांचा सपाटून पराभव आधी झालाही होता. ६३४ साली युफ्रेटिसवरच्या 'पुलाच्या लढाईत' ससानी (इराणी साम्राज्याचा) सेनापती बहमनने हत्ती पुढे घातले, अरबांचे घोडे बुजले, सेनापती अबू उबैद हत्तीपायी गेला. कुणी पळू नये म्हणून त्यांच्यातल्याच एकाने मागचा पूल तोडला, असं अरबी वृत्तांत सांगतात. कितीतरी जण बुडाले. पण उरलेल्यांचा निकाल लागला नाही आणि दोन-तीन वर्षांत तेच अरब कादिसियाला ससानींविरुद्ध जिंकले.

मेख इथेच आहे. अरबांच्या पाठीशी वाळवंट होतं. हरले की ते आत सरकत. पाण्याअभावी शत्रूच्या जड घोडदळाला त्यांच्या मागे जाता येत नसे.

६३६च्या ऑगस्टमध्ये यर्मूकला उलटं घडलं. अरब सेनापती खालिदच्या स्वारांनी रक्कादच्या घळीवरचा पूल रात्रीत ताब्यात घेतला आणि बायझंटाईन सैन्य दरीच्या तोंडाशी कोंडलं गेलं. सेनापती वाहानने तो पूल राखला असता तर निदान फौज वाचली असती. मग अरबांची ६३९ची इजिप्तची मोहीम अवघड होती.

तरी सीमेवरच्या अरब टोळ्यांना तनखा देऊन बांधून ठेवल्याशिवाय सीरिया टिकला नसता, आणि पैसा कुठे होता? ६०२ ते ६२८च्या इराणी युद्धात बायझंटाईन सम्राट हेराक्लियसला चर्चची चांदीची भांडीसुद्धा वितळवून नाणी पाडावी लागली होती.