फियाट रोज शाळेत जाऊ द्या

वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

प्रश्न: जिभाऊ, नमस्कार. मी अमळनेरला राहते आणि पारोळा रस्त्यावरच्या एका गावात हायस्कूलला शिकवते. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात. सासऱ्यांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, घरी आहे. ते होते तोवर नेमाने चालवायचे. आता आमचे हे आठवड्यातून एकदा अंगणातच सुरू करतात आणि पाच मिनिटांनी बंद करतात. ती मी रोज शाळेत न्यावी असं मला फार वाटतं. धाकटे दीर पुण्याला असतात. ते म्हणतात, वहिनी, रोज चालवून गाडीची वाट लागेल, त्यापेक्षा पूर्ण उघडून पतरा-रंग करून नवीकोरी करू. व्हिंटेजचा नंबर मिळेल, किंमतही येईल. सासूबाई म्हणतात, "आंगनमा उभी ऱ्हायनी ते उंदरे घर करतीन." मी कोणाचं ऐकू?
– एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर: ताई, सासूबाईंचं ऐका. दिरांचा त्या गाडीवर जीव आहे हे पत्रातून दिसतं, त्यांना दुखवू नका. पण चालती गाडी उघडू नये, हे माझं धुळ्यात गॅरेज चालवता चालवता झालेलं पक्कं मत आहे. "सगळी उघडून नवी करू" म्हणून सुरुवात केलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या, ज्यांचा शेवट विटांवर ठेवलेला सांगाडा आणि पोत्यात भरलेले नटबोल्ट असा झाला. पैसे संपतात, डेंटर दुसऱ्या कामाला लागतो, घरात लग्न निघतं, काढून ठेवलेली काचेची पट्टी सापडत नाही. रोज चालवून संपलेल्या गाड्या त्या मानाने फार थोड्या.

आधी व्हिंटेजचं बघू. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांत पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडीच व्हिंटेज धरली जाते. तुमची १९८४ ची आहे, म्हणजे २०३४ पर्यंत तो विषयच नाही. पुढे तो 'व्हीए' अक्षरांचा नंबर घेतला, नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये भरले, तरी त्या नंबरावर गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. गाडी मूळ रूपात हवी, त्यात मोठा फेरफार चालत नाही. तेव्हा नवे सीट, नवा डॅशबोर्ड, चकचकीत चाकं असा बेत दिरांच्या मनात असेल, तर तो त्यांच्याच हेतूच्या आड येईल.

आता तुमच्या ह्यांना एक विनंती. अंगणात पाच मिनिटं सुरू करून बंद करणं थांबवा. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे जळणातून निघालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठतं, आणि सायलेन्सर आतून कुजतो. स्टार्टरने खाल्लेली बॅटरी तेवढ्यात भरून येत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, व्हील सिलिंडरचे पिस्टन जागेवरच अडकतात. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि जेटमध्ये, म्हणजे त्याच्या बारीक छिद्रांत, चिकट थर राहतो. उंदीर वायरी खातात ते वेगळंच. तीस किलोमीटरची रोजची फेरी ही या सगळ्यावरची दवा आहे.

मात्र उद्याच किल्ली घेऊन निघू नका. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते, बॉडीच सगळा भार सांभाळते. म्हणून गाडी वर घेऊन खालून बघा: दारांखालच्या सिल, पुढच्या सीटखालचा पतरा, मागचे स्प्रिंगचे पाटे जिथे बॉडीला धरतात ती जागा. लोहचुंबक फिरवा, धरत नसेल तर तिथे पतऱ्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पेचकसाच्या मुठीने ठोका, आवाज भदभद आला की समजा गंज आत गेला. तिथे वेल्डिंग करावंच लागेल, आणि तेवढं काम आधी करा. पण तेवढंच. दारावर ओरखडे आहेत, बॉनेटचा रंग उडालाय, म्हणून सगळी गाडी घासायला देऊ नका. फॅक्टरीतून आलेला रंग एकदा गेला की पुन्हा मिळत नाही, आणि सासऱ्यांच्या हाताने झिजलेलं स्टिअरिंग कुठलाही डेंटर परत आणून देणार नाही.

पहिला खर्च ब्रेकवर. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरचे रबर बदला, होज नवे टाका, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलत जा. मग टायर. नक्षी भरपूर दिसली तरी फसू नका, टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांचा टायर काढून टाका. त्या काळच्या गाडीत सीट बेल्ट नसणार. पुढच्या दोन सीटना ते बसवा, पण बोल्टखाली पतऱ्याची जाड पट्टी देऊन. नुसत्या फ्लोअरला बेल्टचा बोल्ट धरत नाही. या कामात मी कुणाला काटकसर करू दिलेली नाही.

मग आपलं खान्देशचं ऊन. मे महिन्यात शाळा बंद, ते बरंच आहे, पण मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटून तुम्ही निघाल तेव्हा रस्ता तव्यासारखा तापलेला असेल. १०८९ सीसीचं हे इंजिन उन्हाला घाबरत नाही, त्याच्या रेडिएटरमधलं आपलं पाणी त्याला मारतं. बोअरचं पाणी जड, त्याचा क्षार नळ्यांत बसतो आणि वाट बंद होते. रेडिएटर काढून नळ्या रॉडने साफ करून घ्या आणि पुढे कूलंट व डिस्टिल्ड पाणी याशिवाय काहीही ओतू नका. आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची वाट अडवणारी झडप, काढून फेकतात. तो परत बसवा. तापण्याचं कारण दरवेळी तोच नसतो, आणि तो नसला की थंडीत इंजिन तापायला उशीर लागून पेट्रोल जास्त जातं.

दुपारी गाडी थांबवली आणि दहा मिनिटांनी सुरूच होईना, तर घाबरू नका. पेट्रोलचा पंप इंजिनलाच लागून असल्याने उष्णतेने त्यात पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल चढत नाही. बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं ठेवा, थोडं थांबा. हे वारंवार होत असेल तर पेट्रोलचा पाइप इंजिनाच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांब वळवून घ्या. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांच्या कमानीत बसतो आणि ओल धरून ठेवतो, तो दर रविवारी पाइपाने धुवा. रंगापेक्षा हे महत्त्वाचं.

कागदांचं: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून नोंदणी वाढवावी लागते, वर पर्यावरण कर असतो. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क दहा हजार झालं आहे. मुदत संपली असेल तर आधी ते करा.

दिरांना काम द्यायचं असेल तर सुटे भाग जमवायला सांगा. पुण्या-मुंबईत त्यांचा पाय असतोच. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर हे भाग सहज मिळायचे. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. मास्टर सिलिंडर किट, पंपाचा डायफ्राम, डिस्ट्रिब्युटरची टोपी, पॉइंट, क्लच प्लेट, वायपरची मोटर जपून ठेवा. काचा जुन्या गाडीच्या मिळाल्या तरी घ्या.

पन्नास-साठच्या वेगात चालवा. पारोळ्याला महामार्ग लागतो, तिथे ट्रेलरच्या मागे चिकटू नका, ड्रम ब्रेकला थांबायला जागा लागते.

प्रश्न: वडिलांची १९९७ ची मारुती ८०० आहे. हल्लीच्या पेट्रोलमुळे ती बिघडते असं सगळे म्हणतात. सिस्टीम बदलून इंजेक्शनची करून घेऊ का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर: नको रे भाऊ. कार्बोरेटरची आहे तशीच राहू दे. हल्लीचं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला फुगवतं आणि टाकीतला साचलेला गाळ सुटा करतं. टाकी धुऊन घे, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे रबर पाइप इथेनॉल सोसणारे टाक, पंप बदल, पेट्रोलचा फिल्टर सुरुवातीला लवकर लवकर बदल. इथेनॉलला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं, त्यामुळे जुन्या सेटिंगवर इंजिन कोरडं चालतं, झटके देतं. जाणत्या मिस्त्रीकडून मिश्रण नीट लावून घे, गरज पडली तर जेट एक माप मोठा. हे पेट्रोल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात टाकी अर्ध्याखाली ठेवू नकोस आणि गाडी महिनाभर उभी ठेवू नकोस. ७९६ सीसीच्या या इंजिनाचे भाग जळगावात आजही मिळतात. ही गाडी जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती, तेव्हा काळजी नको.

प्रश्न: केळीच्या बागेतल्या शेडमध्ये आजोबांची महिंद्राची पेट्रोल जीप कित्येक वर्षं बंद पडून आहे. टायर मातीत रुतलेत. नुसती चालती करू की पूर्ण करू?
– एक शेतकरी, यावल

उत्तर: दादा, ही पूर्ण करा. बंद गाडीला उघडल्याने काही गमवायचं नाही. जीपला खाली वेगळी चासी असते, बॉडी बोल्ट सोडून उचलता येते, आणि तिचा पतरा बहुतेक सपाट असल्याने गावातला फॅब्रिकेटरही तो वाकवून देईल. पद्मिनीच्या गोल बॉनेटला हे जमत नाही.

फक्त बॅटरी लावून स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल-डिझेल टाका, दोन-तीन दिवस भिजू द्या, मग हँडलने हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका, पुन्हा भिजवा. टाकी काढून रिकामी करा. तिच्यावर वेल्डिंग करायचं असेल तर आत वाफ राहणार नाही अशी धुवून घेतल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका, स्फोट होतो. एकेक भाग काढण्याआधी फोनवर फोटो घ्या आणि नटबोल्ट भागागणिक वेगळ्या डब्यात चिठ्ठीसकट ठेवा. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग झालं की चासीवर खोकं ठेवून, त्यावर बसून बांधावरून चालवून बघा. रंगाचं नाव त्यानंतर काढा.