हेप्टेनचे समघटक: ९, १० की ११?

तुम्ही लिहिलंय की हेप्टेनचे (सात कार्बन, १६ हायड्रोजन) रचना समघटक, म्हणजे तेच अणू वेगवेगळ्या प्रकारे जोडून होणारे रेणू, पुस्तकात ९ दिलेत, नेटवर कुठेतरी ११ दिसले आणि तुमचे दरवेळी १० होतात. तुमच्या यादीत '२-इथिलपेंटेन' आहे, तोच जादाचा. अकरावीत माझाही तोच होता.

पाच कार्बन ओळीत काढून दुसऱ्याला खाली दोन जोडले की पेंटेनला (पाच कार्बनची साखळी) इथिल (दोन कार्बनची फांदी) लावल्यासारखं दिसतं. पण खालच्या टोकावर पेन्सिल ठेवा, वर चढा आणि लांबच्या बाजूला वळा. सलग सहा कार्बन लागतात. म्हणजे तो ३-मिथिलहेक्झेन, सहाच्या साखळीत तिसऱ्या कार्बनवर एका कार्बनची फांदी (मिथिल), आणि तो तुम्ही आधीच मोजलाय.

आमच्या क्लासच्या छापील नोट्समध्येच हे चुकीचं नाव होतं. विचारायला गेले तर ऑफिसातून उत्तर आलं, "नोट्समध्ये आहे ना, तसंच लिही." मी वर्षभर तसंच लिहिलं. ऑक्टेनचे (आठ कार्बन) १८ यायला हवेत, माझे विसाच्या वर जायचे. ऑरगॅनिक आपल्याला जमणारच नाही असं मी धरून चालले आणि प्रवेश परीक्षेला तो भाग सोडूनच बसले. त्याचा राग अजून गेलेला नाही. एका माणसाने पेन्सिल हातात घेऊन दोन मिनिटं दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

माझं मत विचाराल तर चित्रं मोजू नका, नावं मोजा. नाव जुळलं की त्यातलं एक खोडा. कुठल्याही टोकाकडून मोजा, मिथिल पहिल्या कार्बनवर आणि इथिल दुसऱ्यावर बसत नाही. म्हणून पेंटेनला इथिल फक्त मधोमध. हिशोब असा लागतो: सरळ हेप्टेन एक, मिथिलहेक्झेन दोन, डायमिथिलपेंटेन चार, इथिलपेंटेन एक, ट्रायमिथिलब्युटेन एक. भिजवलेले हरभरे आणि टूथपिक घेऊन बनवून बघा, वळवलेली साखळी लगेच ओळखू येते.

११ हेही चूक नाही. ३-मिथिलहेक्झेन आणि २,३-डायमिथिलपेंटेन यांच्या आरशातल्या प्रतिमा वेगळ्या धरल्या की ९ चे ११ होतात. रचना समघटक विचारलेत तर ९ च.

जाता जाता, नाव देताना साखळी कुठल्या टोकाकडून मोजायची यासाठी 'क्रमांकांची बेरीज कमी' हा नियम कुणी शिकवला असेल तर सोडा. दोन्ही टोकांकडून येणारे फांद्यांचे क्रमांक शेजारी लिहून पहिला फरक जिथे पडतो तिथला लहान अंक बघायचा. २,७,८-ट्रायमिथिलडेकेन बरोबर, ३,४,९ नाही, जरी त्याची बेरीज १६ आणि पहिल्याची १७ असली तरी.

मी शिक्षिका नाही, त्यामुळे तुमच्या पेपरात गुण कसे देतात ते सांगू शकत नाही. दुरुस्त यादी इथे टाका, मी तपासून देते.