ड्युटीतच शिकायचं, पण कधी आणि कसं?

प्रश्न : आमच्याकडे दर महिन्याला दोन तासांचं सीएनई (नोकरीत असताना चालू राहणारं नर्सिंग शिक्षण) सत्र असतं. सकाळपाळीच्या सिस्टर वॉर्ड सोडू शकत नाहीत, नाइट केलेल्या बसल्या जागी पेंगतात. काय बदलावं?
– नर्सिंग ट्यूटर, नाशिक

उत्तर : सत्रच वॉर्डात न्या. एका वेळी दहा मिनिटं, विषय एकच, आणि तोच विषय आठवडाभर तिन्ही पाळ्यांत घ्या. म्हणजे वीकली ऑफ असलेलीही सुटत नाही. पाळी बदलताना ओव्हर (पेशंटची माहिती) देता-घेताना मात्र मुळीच शिकवू नका. जाणारीला घरी जायची घाई असते आणि त्या गडबडीत पेशंटची महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाते. राउंड आणि औषधं आटोपल्यावरची वेळ बरी.

विषय हाताला लागेल असा हवा. इन्सुलिन घ्या. ट्रेमध्ये 40 युनिट प्रति मिलीची कुपी, पेनचं 100 युनिट प्रति मिलीचं कार्ट्रिज, लाल टोपणाची यू-40 आणि नारंगी टोपणाची यू-100 सिरिंज ठेवा. विचारा : 40 ची कुपी, यू-100 सिरिंज, 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर किती युनिट? उत्तर 8, कारण यू-100 सिरिंजमध्ये 100 ची रेघ म्हणजे 1 मिली, तेव्हा 20 ला 0.2 मिलीच आलं. आता उलट करा : कार्ट्रिजमधून यू-40 ने (यात 40 ची रेघ म्हणजे 1 मिली) 20 च्या रेघेपर्यंत ओढलं, तर 0.5 मिली, म्हणजे 50 युनिट! वीसऐवजी पन्नास गेले तर पेशंटची साखर धोकादायक खाली येईल. हे फळ्यावर सांगून पुरत नाही. प्रत्येकीने सिरिंज हातात धरून रेघ मोजली पाहिजे. सरावाच्या कुपीत सलाइन भरा, वर ठळक ‘सराव’ लिहा आणि शेवटी मोजून परत घ्या. ती औषधांच्या ट्रॉलीवर राहिली तर शिकवण्यातूनच अपघात होईल.

दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने त्याच विषयावर एकेक प्रश्न वॉर्डच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. चाळीस पानांची पीडीएफ कोणी उघडत नाही. पेशंटचा फोटो किंवा केसपेपर ग्रुपवर नको.

सीपीआरचा (हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचा) सराव महिन्यातून एकदा, पुतळ्यावर, दोन-दोन मिनिटं. मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंमी. घड्याळ लावा, थकल्यावर दाब उथळ होतो आणि तो देणारीला कळतही नाही, म्हणून दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. त्याच वेळी क्रॅश कार्टमधलं (तातडीच्या औषधांची ट्रॉली) अ‍ॅड्रेनलिन कोणत्या खणात आहे, हे न बघता सांगायला लावा.

तारीख, विषय आणि सह्यांचं रजिस्टर ठेवा. मात्र दर पाच वर्षांच्या नोंदणी नूतनीकरणासाठी वॉर्डातले हे तास धरले जातील असं गृहीत धरू नका. कार्यक्रमाला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आधी घ्या. नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

प्रश्न : नाइटमध्ये रिकामा वेळ असतो म्हणून मोबाइलवरचे कोर्स तेव्हाच पुरे करायला सांगतात. ते योग्य आहे का?
– स्टाफ नर्स, सोलापूर

उत्तर : नाही. पहाटे तीन ते पाच झोपेची ओढ सर्वांत जास्त असते. तेव्हा डोळे स्क्रीनवर असतात, डोक्यात काही जात नाही, आणि मॉनिटरकडे दुर्लक्ष होतं ते वेगळंच. नाइटला शिकवायचंच तर रात्रीची औषधं झाल्यावर, अकराच्या आत, दहा मिनिटं. कोर्स घरी करायला सांगत असतील तर तेवढे तास ड्युटीत धरावेत, अशी मागणी मेट्रनकडे लेखी करा.