महिन्याच्या दीड हजारात गरीब घराचं खरंच काही भागतं का?

भागत नाही, पण अडतही नाही. हा फरक बाहेरून दिसत नाही.

लाडकी बहीण योजनेचंच घ्या. वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, २१ ते ६५ वयाच्या बायकांसाठी २०२४ मध्ये ती सुरू झाली. १५०० रुपये थेट आधार जोडलेल्या खात्यावर. आमच्या शेजारच्या काकू शेतमजुरी करतात. पावसाने काम बंद पडलं की पूर्वी तेल, साखर, चहापत्ती सगळं दुकानदाराच्या वहीवर. आणि उधारीवर घेणाऱ्याने भाव कुठला विचारायचा? आता हप्ता आला की रोखीने घेतात. त्यातूनच साठवून एक शेळीही आणली. नवऱ्याला विचारलं का, म्हटलं तर हसल्या, "माझ्या खात्यावरचे आहेत ना!"

खरी गोम इथेच आहे. बाईच्या नावावर पैसा आला की तो बहुतेकदा आधी मुलांच्या वह्यांवर नाहीतर औषधांवर जातो.

शेतकरी घरात पीएम-किसानचे वर्षाला ६००० रुपये, २००० च्या तीन हप्त्यांत. बी-खताच्या तोंडावर आले तर तेवढी उसनवारी वाचते. केवायसी अडकली की मात्र तालुक्याला हेलपाटे, आणि एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली.