गुडघ्यामागील धमनीचा फुगवटा: चौदा महिने थांबावे का?

पुण्याचे एक ६७ वर्षांचे निवृत्त वाचक लिहितात की, त्यांच्या डाव्या गुडघ्यामागील धमनीत २.६ सेंटिमीटरचा फुगवटा (अॅन्युरिझम) आढळला असून पाय मात्र दुखत नाही. शस्त्रक्रियेचा खर्च चार लाख रुपये सांगितला आहे. पाच लाखांची मुदत ठेव १४ महिन्यांनी परिपक्व होईल, आणि आरोग्य विम्यात जुन्या रक्तदाबाशी निगडित दाव्यांसाठी असलेली ३६ महिन्यांची प्रतीक्षाही त्याच सुमारास संपेल. तोवर थांबावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते थांबू नये. हा फुगवटा क्वचितच फुटतो. खरा धोका आत साचणाऱ्या गुठळीचा असतो. ती सुटून पोटरीतील रक्तवाहिन्या बुजल्या, की पाय अचानक थंड पडतो आणि तो गमावण्याचीही वेळ येऊ शकते. म्हणूनच दोन सेंटिमीटरपुढे, त्रास नसला तरी, सहसा शस्त्रक्रिया सुचवली जाते. शिवाय तातडीच्या प्रसंगी रुग्णालय निवडायला किंवा दरांची विचारणा करायला सवड मिळत नाही.

ठेव मोडण्याचीही गरज नाही. ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त व्याजाने तिच्यावर चार लाखांचे कर्ज मिळाले, तर ठेवीचे व्याज चालूच राहत असल्याने १४ महिन्यांचा निव्वळ भुर्दंड साधारण ४,७०० रुपये पडेल.

ही प्रतीक्षा संपेपर्यंत विमा मिळणारच नाही, हे या वाचकांनी परस्पर गृहीत धरले आहे. फुगवट्याचे निदान पॉलिसी घेतल्यानंतर झाले असेल आणि आधी त्यावर सल्ला वा उपचार झाले नसतील, तर तो केवळ रक्तदाब जुना आहे म्हणून ‘पूर्वीपासूनचा आजार’ ठरत नाही. तेव्हा डॉक्टरांच्या पत्रासह पूर्वमंजुरीचा अर्ज करावा आणि नकार आल्यास त्याचे कारण लेखी मागावे.

पायातीलच शीर वापरून केलेला बायपास की आवरण असलेला स्टेंट, हा निर्णय शल्यचिकित्सकांचा आहे. मात्र दरपत्रके ताडून पाहताना एक ध्यानात असू द्यावे: स्टेंटमध्ये रुग्णालयातील मुक्काम कमी असला, तरी पुन्हा उपचार लागण्याची शक्यता अधिक असते, तर चांगल्या शिरेचा बायपास सहसा जास्त टिकतो.

सुमारे निम्म्या रुग्णांत दुसऱ्या पायातही असा फुगवटा असतो आणि अनेकांच्या पोटातील महाधमनीतही तो सापडतो. म्हणून या दोन्ही ठिकाणांच्या तपासण्यांचे अहवाल येईपर्यंत ठेवीतील उरलेल्या लाखाला हात लावू नये.