पहिली बैलजोडी घेताय? आधी एवढं बघा

दादा, माळकरी घरात जोडी येतेय, चांगलंच. फक्त शिंगांवर, रंगावर भाळू नका. दोनदाती-चौसा, म्हणजे दोन किंवा चार पक्के दात आलेले, खिलार जातीचे बैल घ्या. उंची आणि चाल जुळायला हवी, नाहीतर जू एका बाजूला कलतं आणि खालच्या बैलाचा खांदा सोलतो. नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक इथंच होते. सुजलेल्या खांद्यावर जू ठेवूच नका. खांदा बरा होईपर्यंत आऊत (शेतातली जुंपणी) बंद.

पहिले पंधरा दिवस सकाळी दोन तास हलका कुळव (वरची माती मोकळी करायचं अवजार), बस्स. नांगर नंतर.

वैरणीत आपल्याकडं दुसरी चूक: ऊसतोडीच्या हंगामात नुसतं उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला). त्यातलं ऑक्झलेट अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, खातं. निम्मा कडबा ठेवा, रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि थोडं मीठ द्या. कामाच्या दिवशी पेंड दीड-दोन किलो, पण जुंपायच्या तोंडावर नको.

डांबरी रस्त्यावर जाणार असाल तर खुरांना पत्री (लोखंडी नाल) मारून घ्या. सोमवारी बैल न जुंपायची रीत पाळत असाल तर जरूर पाळा, खांद्याला विसावा मिळतो. बेंदराच्या (बैलांच्या सणाच्या) खांदेमळणीची, म्हणजे खांदे चोळायच्या दिवसाची, वाट न बघता रोज संध्याकाळी खांदा हातानं चाचपा.

आणि म्हातारपणी थकलेल्या बैलाच्या वैरणीचा खर्च आत्ताच धरा. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे, तुमच्या घरात तो प्रश्नच नाही म्हणा.