रस्त्याची आखणी कडेपासून : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पुण्यातील रस्त्यांच्या फेररचनेसंबंधी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पदपथ आहे, तरीही आम्ही ज्येष्ठ मंडळी खाली उतरूनच चालतो. लोकांना पदपथाची सवयच नाही, असे आम्हाला सांगितले जाते. हे खरे आहे का? (निवृत्त शिक्षिका, कोथरूड)

दोष सवयीचा नाही, बांधकामाचा आहे. आपल्याकडचे बरेच पदपथ जवळजवळ फूटभर उंच असतात आणि प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी तुटतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाने तेथे उतरायचे, चार पावले टाकायची आणि पुन्हा चढायचे, की पुढे विजेची पेटी किंवा जाहिरातीचा खांब आडवा येतो. अशा वाटेवर चालण्यापेक्षा वाहनांच्या कडेने चालणे अधिक सोपे वाटले, तर त्यात माणसाची चूक नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेनुसार (आयआरसी १०३) पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी पूर्णपणे मोकळी असावी. येथे ‘मोकळी’ या अटीला महत्त्व आहे. पदपथ तीन मीटर रुंद असला आणि त्यातले दोन मीटर खांब, झाडांचे आळे व दुचाक्या यांनी व्यापले, तर तो एक मीटरचाच पदपथ समजावा. मोजमाप सर्वांत अरुंद जागी घ्यावे.

फाटकांवरचा उपाय साधा आहे. पदपथ त्याच पातळीवर सलग पुढे न्यावा आणि आत जाणाऱ्या मोटारीसाठी कडेला छोटा उतार द्यावा. चढउतार इंजिनाने करावा, पायांनी नव्हे. असे केले की मोटारीचा वेगही तेथे आपोआप कमी होतो.

प्रश्न : पदपथ रुंद केल्याने रस्ता अरुंद होतो, कोंडी वाढते आणि पार्किंग गेल्यामुळे गिऱ्हाईक तुटते. याचा विचार आपण नियोजनकार करता का? (कापड व्यापारी, लक्ष्मी रस्ता)

आपली काळजी रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. रस्त्यावरून किती वाहने जाऊ शकतील, हे त्याच्या सर्वांत अरुंद जागेवर ठरते. एके ठिकाणी चार रांगा मावतात आणि पुढे तीनच मावतात, असा रस्ता असेल तर त्या चौथ्या रांगेचा वाहतुकीला काहीच उपयोग होत नाही. ती वाहने पुढे तिसऱ्या रांगेत घुसतात आणि कोंडी तेथेच सुरू होते. महापालिकेने २०१६ मध्ये रस्ते आखणीची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि त्यानंतर जंगली महाराज रस्त्याची फेररचना हाती घेतली. वाहनांसाठीची रुंदी एकसारखी ठेवायची आणि उरलेली जागा पदपथ, बसण्याची बाके व आखीव पार्किंग यांना द्यायची, हे त्या रचनेमागचे सूत्र होते. गर्दीच्या वेळी दुचाकीस्वार तेथील पदपथावर चढतात, हा दोष मी नाकारत नाही; तरीही संध्याकाळी कुटुंबे त्या पदपथावर निवांत बसलेली दिसतात, हे त्या रचनेचे मोठे यश मी मानतो.

पार्किंगविषयी एकच सुचवतो. आपल्या दुकानासमोर सकाळी दहापासून रात्रीपर्यंत कोणाची वाहने उभी असतात, हे एक दिवस पाहावे. ती बहुधा आसपासच्या दुकानदारांची व नोकरांची निघतात. त्याच जागेला तासागणिक शुल्क लावले, तर दिवसभरात कितीतरी अधिक ग्राहकांना ती वापरता येते. महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले होते. त्याची अंमलबजावणी रेंगाळली, याची किंमत व्यापारीच मोजत आहेत.

प्रश्न : मुलांच्या शाळेसमोरचा रस्ता ओलांडणे जिवावरचे झाले आहे. पादचारी पुलाची मागणी करावी का? (पालक, हडपसर)

करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाठीवर दप्तर घेतलेले मूल, गरोदर स्त्री किंवा काठी टेकत चालणारे आजोबा दोन जिने चढून पलीकडे जाणार नाहीत, आणि पूल झाला की खालून जाणाऱ्या वाहनांना वेग वाढवण्याची मोकळीक मिळते. खरा धोका वेगाचा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते, तर ताशी ३० किलोमीटरचे आठ-साडेआठ मीटर. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ५० च्या वेगातला आघात ३० च्या वेगापेक्षा जवळजवळ पावणेतीन पट असतो. म्हणूनच रस्ते सुरक्षेविषयीच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी आणि वाहने जेथे वारंवार एकत्र येतात, तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली आहे.

मर्यादेचा फलक लावून वेग उतरत नाही. रस्त्याची घडण बदलावी लागते. झेब्रा क्रॉसिंग पदपथाच्या पातळीपर्यंत उचलून घ्यावे, दुभाजकात थांबण्यापुरती सुरक्षित जागा ठेवावी आणि चौकातील कोपऱ्याची गोलाई लहान करावी, म्हणजे वळणाऱ्या वाहनाला वेग कमी करावाच लागतो. मूल मोटारीच्या आडून एकदम पुढे येऊ नये, म्हणून क्रॉसिंगच्या दोन्ही अंगांना वाहने उभी करण्यास सक्त मनाई हवी. सिग्नल असेल तर त्याची वेळही तपासावी : सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपासची चाल गृहीत धरली, तर वृद्ध माणूस अर्ध्या रस्त्यातच अडकतो.

प्रश्न : सोसायटीसमोर गतिरोधक हवा आहे, आम्हीच डांबर टाकून घेतले तर चालेल का? (सोसायटीचे सचिव, वाकड)

अजिबात नको. अरुंद आणि उंच उंचवट्यावर रात्री दुचाकीस्वार पडतात. ताशी २५ किलोमीटरसाठीच्या प्रमाणित गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असते, त्यावर पट्टे रंगवलेले असतात आणि आधी सूचनाफलक असतो. महापालिकेच्या पथ विभागाकडे लेखी मागणी करावी.

प्रश्न : दुचाक्या अडवण्यासाठी लावलेल्या खांबांमुळे माझी व्हीलचेअरच पदपथावर चढत नाही. आमचा विचार कोणी करतो का? (संगणक अभियंता, औंध)

आपली तक्रार पूर्णपणे योग्य आहे. दोन खांबांमध्ये व्हीलचेअरपुरते, म्हणजे किमान ९० सेंटिमीटर अंतर लागतेच, आणि तेवढ्यातून स्कूटरही जाते. केवळ खांबांनी ही अडचण सुटणार नाही, त्याला दंडाची जोड हवी. मात्र स्कूटर अडवण्याच्या नादात व्हीलचेअर अडवणे कदापि मान्य होऊ नये. दृष्टिहीनांसाठीच्या पिवळ्या फरश्यांचीही अशीच गत होते. उभ्या रेषांची फरशी ‘पुढे चला’ आणि ठिपक्यांची ‘थांबा’ असे पायाला सांगते. ती झाडाच्या बुंध्यावर नेऊन संपवली, तर काठीच्या आधारे चालणाऱ्याला आपणच इजेकडे नेतो.

प्रश्न : सदोष रस्त्यामुळे अपघात झाला तर जबाबदार कोण? (विधी शाखेची विद्यार्थिनी, शिवाजीनगर)

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याच्या रचनेत, बांधकामात किंवा देखभालीत ठरवून दिलेली मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा अधिकार हा घटनेच्या अनुच्छेद २१ चा (जगण्याच्या अधिकाराचा) भाग असल्याचे म्हटले आहे. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते. एवढ्या जिवांपुढे एक लाखाचा दंड मला फार तोकडा वाटतो. अपघातापूर्वीची तक्रार त्यामुळे अधिक मोलाची ठरते. तक्रारीत ठिकाण, पदपथाची मोजलेली उंची आणि मोकळी रुंदी, छायाचित्र व आयआरसीचे संबंधित मानक द्यावे, आणि पोच घेतल्याशिवाय क्षेत्रीय कार्यालयातून परतू नये.